‘माझं पुस्तक ऑफिसात वाचलं जातं आणि मी गप्प बसते’

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात सहकारी बँकेत अधिकारी आहेत. वय चाळिशीपुढे, मुलगी दहावीत. गेली काही वर्षं त्या टोपणनावाने शृंगारिक कथा-कादंबऱ्या लिहितात आणि स्वतःच ई-बुक म्हणून प्रकाशित करतात. ‘ही काहीतरी लिहिते’ यापलीकडे नवऱ्याला माहिती नाही. पुस्तकं बऱ्यापैकी वाचली जातात. पण यंदा एकामागून एक धक्के बसले. एका ई-पुस्तक मंचाने त्यांची एक कादंबरी काढून टाकली आणि कारण मोघम दिलं. दुसऱ्या कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर फुकट फिरू लागली. वाचक ‘दीर-वहिनी लिहा’, ‘अजून गरम लिहा’ म्हणून मागे लागलेत. आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी मोबाईलवरून त्यांच्याच पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचून दाखवला, सगळ्या हसल्या, आणि या डबा पुढ्यात घेऊन खाली मान घालून बसल्या. त्या विचारतात: ‘हे बंद करून साध्या प्रेमकथा लिहू, की एकदाचं खऱ्या नावाने समोर येऊ? आणि मुळात मी करतेय ते चुकीचं आहे का?’

---

सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याखाली दबून गेलेत. नाही, तुम्ही चुकीचं काही करत नाही. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या शरीरसुखाबद्दल सज्ञान वाचकांसाठी लिहिणं हा अपराध नव्हे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत रानात, नदीकाठी भेटणारी प्रेमी माणसं आहेत आणि त्यातल्या कितीतरी गाथा बाईच्या तोंडी आहेत. शाहिरांच्या लावण्यांबद्दल तर मी वेगळं सांगायला नको. मराठीला शृंगाराचं वावडं कधीच नव्हतं. पण नोकरी करणारी, घरसंसार सांभाळणारी बाई रात्री भांडी आवरून झाल्यावर तेच लिहिते आणि कुणा प्रकाशकाची परवानगी न घेता विकते, हे पचायला लोकांना वेळ लागतोय. तो वेळ लागणं तुमचा गुन्हा नाही.

आता त्या जेवणाच्या सुट्टीकडे येऊ. त्या हसण्याचा तुम्ही एकच अर्थ लावलात: आपली अब्रू गेली. मला त्यात दुसरंही काही दिसतं. त्या बाईंनी पुस्तक उघडलं होतं, इतकंच नाही, नेमका उतारा त्यांच्या लक्षात राहिला होता. तो चारचौघींत वाचायचा तर हसत हसतच वाचावा लागतो, कारण आपल्याकडे या विषयाला बायकांच्या घोळक्यात शिरायला चेष्टेखेरीज दुसरं दार ठेवलेलं नाही. त्या तुमच्यावर हसत नव्हत्या, तुम्ही तिथे आहात हे त्यांना माहीतच नव्हतं. तुम्हाला लागलं ते खरंच आहे, आणि ते लागणं मी कमी लेखत नाही. पण त्या एका प्रसंगावरून ‘बंद करू का’ इथवर येऊ नका.

तुम्ही माझ्यापुढे दोनच वाटा ठेवल्यात: सगळं बंद, नाहीतर सगळं उघड. या दोन्हींमागे एकच समजूत आहे, की जे लपवावं लागतं ते वाईटच असणार. खाजगी ठेवणं आणि लपवणं यांची सरमिसळ तुम्ही केलीत. तुमचा पगार, तुमचं आजारपण, नवऱ्याशी तुमचं शरीराचं नातं हे सगळं खाजगीच असतं, त्याची लाज वाटते म्हणून नव्हे. टोपणनाव तुम्ही जन्मभर ठेवलंत तरी त्यात भित्रेपणा नाही. खऱ्या नावाने लिहिणाऱ्यांनी आपल्याकडे किंमत मोजली आहे. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडली, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक स्वतःच्या नावाने 1927 पासून चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934च्या खटल्यात त्यांच्या बाजूने खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरोधात गेला. कर्व्यांबद्दल मला अपार आदर आहे. पण दहावीतली मुलगी आणि बँकेतली नोकरी असलेल्या बाईला ‘तूही तसंच कर’ असं सांगणं मला योग्य वाटत नाही. तुम्ही समोर याल तर तुमच्या सवडीने या, धक्के बसले म्हणून नको.

कायद्याची भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसते, तिच्याबद्दल स्पष्टच बोलू. भारतीय न्याय संहितेचं कलम 294 (पूर्वीचं भारतीय दंड विधान 292) अश्लील साहित्य विकण्याला शिक्षा सांगतं. ई-बुकला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 67 आणि 67अ लागू शकतात. पहिल्या दोषसिद्धीला अनुक्रमे तीन आणि पाच वर्षांपर्यंत कैद, शिवाय पाच आणि दहा लाखांपर्यंत दंड. ऐकायला भयंकर वाटतं. पण साहित्य, कला, विज्ञान यांच्या हिताचं म्हणून समर्थनीय ठरणाऱ्या लेखनाला दोन्ही कायद्यांत अपवाद आहे. आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी हिक्लिन कसोटी (सुट्या उताऱ्याने कच्च्या मनाचा माणूस बिघडेल का, एवढंच पाहणारी) बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापाने पाहायला सांगितलं.

याच संदर्भात एक मराठी खटला तुम्ही माहीत करून घ्यायलाच हवा. 1962च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा विषय. अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात दोषी, आणि शेवटी ऑगस्ट 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष. काही उतारे अभिरुचीला धरून नसतील, पण सगळी कथा मिळून वाचकाला बिघडवणारी नाही आणि समाजाची मापं झपाट्याने बदलताहेत, असा त्या निकालाचा आशय. मला या खटल्यातून दोन्ही गोष्टी दिसतात. शृंगार लिहिला म्हणून कुणी आपोआप गुन्हेगार होत नाही, हा दिलासा. आणि एका दिवाळी अंकातल्या कथेसाठी लेखकाची सात वर्षं गेली, हेही तितकंच खरं. म्हणून एखाद्या वकिलाला एका तासाची फी देऊन तुमची दोन-तीन पुस्तकं दाखवा. मी वकील नाही, आणि तो तास या लेखापेक्षा जास्त मोलाचा ठरेल.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजिबात मवाळ बोलणार नाही. शृंगाराच्या प्रसंगातलं प्रत्येक पात्र अठरा वर्षांपुढचं हवं, आणि ते वाचणाऱ्याला निःसंशय कळायला हवं. तुम्ही लिहिलंय की नव्या कादंबरीत नायिकेच्या बारावीतल्या पहिल्या प्रेमाची आठवण आहे. बारावीतली मुलगी बहुधा सतरा वर्षांची असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब मध्ये मुलांचं लैंगिक चित्रण करणारा नुसता मजकूरही येतो, आणि मंच तर अशा पुस्तकाबरोबर अख्खं खातंच बंद करतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ती आठवण चिठ्ठी, सायकल, भीती, धडधड इथपर्यंतच राहू दे.

काढून टाकलेल्या कादंबरीबद्दल. मंचाचा निर्णय म्हणजे तुमच्या लेखनावरचा निकाल, असं तुम्ही धरून चाललात. मंच बरेचदा वाचून ठरवत नाहीत, खुणा पाहून ठरवतात. कुठल्या मंचाने काढली ते मी विचारत नाही, पण बहुतेक स्वतंत्र लेखक किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशन मंचावर असतात, म्हणून तिथले जाहीर नियम उदाहरणादाखल घेते. तिथे पुस्तक चढवतानाच विचारतात की शीर्षक किंवा चित्रं उघड लैंगिक आहेत का. त्याचं उत्तर खरं द्या. कव्हरवर उघडं अंग, शीर्षकात भडक शब्द असले की पुस्तक सर्वसाधारण शोधात दिसेनासं होऊ शकतं, ते विक्रीवर असूनही कुणाला सापडत नाही. आणि किंडल सिलेक्ट या त्यांच्या ‘फक्त आमच्याकडेच विका’ योजनेत नाव घातलं असेल तर 90 दिवस तो मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही नको, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा.

इथे तुमचे दोन धक्के एकमेकांना जोडलेले असू शकतात. पुस्तकाचा मजकूर नेटवर फुकट सापडला की मंच लेखकाकडे हक्काचा पुरावा मागतात, आणि उत्तर वेळेत गेलं नाही तर पुस्तक काढतात. तुमच्या टोपणनावाच्या ईमेलमध्ये, स्पॅमसकट, तसं पत्र येऊन पडलंय का बघा. नसेल तर शांतपणे, दोन परिच्छेदांत विचारणा करा. कुठल्या नियमाखाली काढलं, बदल करून परत देता येईल का, आणि हक्क तुमचाच आहे याचा पुरावा म्हणून तारखा असलेले जुने खर्डे. तोच मजकूर नाव बदलून गुपचूप परत चढवू नका, त्याने खातं जाऊ शकतं.

हा त्रास तुमच्या एकटीचा नाही. 2012 साली पेपाल या पैसे पोचवणाऱ्या कंपनीने स्मॅशवर्ड्स या अमेरिकी ई-बुक दुकानाला काही प्रकारची कामुक पुस्तकं काढा म्हणून बजावलं, लेखक-वाचकांनी गदारोळ केला तेव्हा कुठे महिन्याभरात माघार घेतली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कोबो या ई-बुक दुकानाने स्वयंप्रकाशित पुस्तकं सरसकट उतरवली, तेव्हा त्यात साध्या कादंबऱ्याही गेल्या. या धंद्यात दुकान दुसऱ्याचं असतं. म्हणून प्रत्येक पुस्तकाची मूळ फाइल, कव्हर आणि कव्हरच्या चित्राच्या परवान्याची पावती स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा.

टेलिग्रामवरच्या पीडीएफचं दुखणं वेगळं आहे. कॉपीराइट तुमचाच आहे, त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि टोपणनावाने तो कमी होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021च्या नियमांनुसार अशा मंचांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने 24 तासांत तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या अभ्यास-साहित्याच्या प्रकरणात टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती. अडचण इतकीच की तक्रारीत हक्कधारकाचं खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. ती तक्रार वकिलामार्फत करता येते. पण खरं सांगू? दर चॅनेलमागे धावून तुमच्या संध्याकाळी संपतील. मोठं चॅनेल असेल, किंवा पीडीएफमुळे मंचाशी भांडण झालं असेल, तिथेच जोर लावा.

आता टोपणनावाच्या भोकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पकडले जातात ते बहुतेक इथेच, आणि तुमच्यासारख्या अनेकींना याचा उपयोग होईल. तुमच्या वर्ड फाइलच्या माहितीत ‘ऑथर’ म्हणून कुणाचं नाव आहे ते आत्ता उघडून बघा. संगणक घेताना जे नाव घातलं ते तिथे आपोआप बसतं, आणि ती फाइल कव्हर करणाऱ्याला किंवा मुद्रितशोधकाला पाठवली की नावही जातं. वाचकांना थेट पीडीएफ विकण्यासाठी यूपीआयचा क्यूआर कोड द्याल, तर पैसे पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर बँकेतलं खरं नाव झळकतं. टोपणनावाचं इन्स्टाग्राम रोजच्याच नंबरवर उघडलं असेल, तर ते तुमच्या जावेला ‘तुमच्या ओळखीचं असेल’ म्हणून सुचवलं जाऊ शकतं. वेगळा नंबर, वेगळा ईमेल, फोनमध्ये वेगळं ब्राउझर प्रोफाइल, एवढं कराच. मुलगी तुमचा टॅब वापरते ना? मग किंडलचं खातं त्याच्यावर नको.

आणि काही ठिकाणी टोपणनाव चालत नाही, चालायलाही नको. बँक, पॅन, आयकर विवरण इथे खरंच नाव. मंचाच्या कराच्या अर्जात पॅन दिलंत तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर तिथला कर 30 ऐवजी 15 टक्के कापला जातो, तो रकाना बऱ्याच जणी घाबरून रिकामा ठेवतात. मंचाकडे असलेलं हे नाव वाचकाला दिसत नाही. नोकरीच्या बाबतीत, बाहेरच्या उत्पन्नाबद्दल तुमच्या बँकेचे सेवानियम काय सांगतात ते मूळ कागदातून वाचा, कुणाला विचारत बसू नका. आणि ऑफिसचा संगणक, ऑफिसचं वायफाय या कामासाठी कधीही वापरू नका.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘त्यांना सांगितलं तर परवानगी मागितल्यासारखं होईल’. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे. सांगणं आणि परवानगी मागणं यांत अंतर ठेवता येतं. ‘मी हे लिहिते, पुढेही लिहिणार आहे, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी सांगतेय’ इतकं म्हणता येतं. त्यांनी लगेच वाचावं असा आग्रह धरू नका, वाचायचंच असेल तर कुठलं आधी वाचावं ते तुम्ही ठरवा. ‘यातला नायक कोण?’ हा प्रश्न येईल. त्याचं उत्तर आधीच मनाशी तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. पासबुकातल्या नोंदीवरून कळलं तर त्यांना लेखनापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल. अर्थात, हे मी तुमच्या पत्रातून दिसणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलतेय. ज्या वाचक मैत्रिणींच्या घरात हात उगारला जातो, त्यांनी हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी आधी स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं उघडावं.

मुलीला इतक्यात सांगायची गरज नाही.

‘दीर-वहिनी लिहा’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं? असे निरोप पाठवणारे वाचक आवाज मोठा करतात म्हणून जास्त वाटतात. शेवटपर्यंत वाचून गुपचूप पुढचं पुस्तक घेणारी बाई तुम्हाला कधीच निरोप पाठवणार नाही, कारण तिचीही तुमच्यासारखीच अडचण आहे. नात्यातल्या संबंधांच्या गोष्टी काही मंचांवर नियमात अडकतात, हा व्यवहाराचा भाग झाला. पण तुम्ही पाठवलेली ‘पावसाळी मुक्काम’ ही कथा मी वाचली. त्यात नायिका त्याला आधी पाय दाबून द्यायला सांगते आणि तो अर्ध्यात झोपी जातो, तिथे मी थांबले आणि परत वाचलं. इतकं ओळखीचं, इतकं बायकांचं शृंगारात फार थोडं लिहिलं गेलंय. हे सोडून गर्दीच्या फर्माइशी पुरवायला लागलात तर मला वाईट वाटेल. उलट शेवटाकडे तुमच्या प्रसंगांची लांबी वाढते आणि माणसं हरवतात. तिथे कात्री लावा.

पैशांबद्दल थोडक्यातच. ई-बुकवर किंडल 35 किंवा 70 टक्के रॉयल्टी देतं, आणि भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर सिलेक्टची ती 90 दिवसांची एकनिष्ठता पाळावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या पुस्तकामागे ढोबळमानाने पस्तीस ते सत्तर रुपये. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वाचक वर्गणी भरून वाचतात त्या योजनेत, वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात आणि दर महिन्याला तो दर हलतो. तुमच्याच आकड्यांवरून दिसतं की हे उत्पन्न पुरवणी म्हणून उत्तम आहे, नोकरी सोडण्याइतकं नाही. साध्या प्रेमकथा जास्त खपतील ही तुमची अटकळही तपासून बघा. तिथे गर्दी खूप आहे, आणि मन नसलेली गोष्ट वाचकाला कळते. लिहावंसं वाटलं तर वेगळ्या टोपणनावाने जरूर लिहा, शिक्षा म्हणून नको.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुमच्या पत्रात नसलेलं काहीतरी. इतकी वर्षं लिहूनही हस्तलिखित आधी वाचणारं माणूस तुम्हाला नाही. स्वयंप्रकाशित लेखकाला संपादक परवडत नाही हे मी समजू शकते, पण या प्रकारात लिहिणाऱ्याला तर मैत्रीणही वाचक म्हणून मिळत नाही. कौतुक करणारे असतात, शिव्या देणारे असतात, ‘हा संवाद खोटा वाटतो’ असं सांगणारं कुणीच नसतं. मग मंचाच्या एका ईमेलने किंवा चौघींच्या हसण्याने माणूस कोसळतं. असं एक माणूस शोधा. याच प्रकारात लिहिणारी दुसऱ्या गावातली लेखिका चालेल, एकमेकींच्या टोपणनावांनीच ओळख राहू द्या आणि हस्तलिखितांची अदलाबदल करा. किंवा मराठी कथा नीट संपादित करणाऱ्या एखाद्या फ्रीलान्स संपादकाला एका पुस्तकापुरते पैसे द्या. विषय आधी स्पष्ट सांगा आणि गोपनीयतेचं एक पानी पत्र दोघांनी सही करून ठेवा. दुसरं काही जमलं नाही तरी हे या वर्षात करा.

अजून एक राहिलंच. टोपणनावाच्या पुस्तकावर प्रकाशनापासून 60 वर्षं कॉपीराइट असतो, आणि त्या मुदतीत लेखक कोण ते उघड झालं तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत जातो. म्हणजे तुमच्यामागे ही मालमत्ता कुणाची तरी असणार. खात्याचं नाव, पासवर्ड, पुस्तकांची यादी आणि ‘हे चालू ठेवायचं की काढून टाकायचं’ याबद्दलची तुमची इच्छा एका कागदावर लिहा, लिफाफा बंद करा आणि तो कुठे आहे ते निदान एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. नवऱ्याशी बोलणं झालं, तर ते विश्वासाचं माणूस म्हणजे नवराच असू शकेल.